बालवाडीची तपासणी कोणी करावी ?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यकारिणीने असा विचार केला की, आपल्या समाजभवनात येत्या जूनपासून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी सुरू करावी. आणि तत्पूर्वी भवनाची जागा नियमांस उतरते की नाही, हे आम्ही पाहून द्यावे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत छत्तीस वर्षे खडू झिजविला, एवढीच आमची पुंजी. कायद्याचे ज्ञान म्हणाल तर वाचून उमगेल तेवढेच. तथापि काम लहान मुलांचे असल्याने आम्हांस नाही म्हणवले नाही. त्याप्रमाणे पाहणी झाली आणि तिचा लेखी अहवाल कार्यकारिणीकडे गेलाही. परंतु अहवालात मोजमापे येतात, त्या मोजमापांमागील विचार येत नाही. तो आपणां सर्वांपुढे मांडावा, एवढ्याकरिताच आजचे हे चार शब्द आहेत.

बालशिक्षण ही काही परकी वस्तू नव्हे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली आपल्या बालोद्यानाचा पाया घातला आणि रोम शहराच्या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली पहिले बालगृह उघडले, हे खरे. परंतु ती विद्या आपल्या मातीत रुजविली ती भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी. या ताराबाईंच्या आयुष्याची काही वर्षे आपल्या विदर्भात, अमरावतीस गेली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेथे अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या शेजारी गेले. बालवाडी तयार होती, शिकविणाऱ्या तयार होत्या. पण पाड्यांवरची मुले तिकडे फिरकेनात. आई मजुरीला गेलेली, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर राखणारी. मूल येणार कसे? तेव्हा मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, असे या दोघींनी ठरविले. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम तो असा आहे.

ही हकिकत आम्ही मुद्दाम सांगितली. नियम म्हणजे कचेरीत बसून कोणा कारकुनाने लिहिलेला कागद, असा आपला सर्वांचा समज असतो. परंतु मुलाचे हात धुतले गेले पाहिजेत, पाणी त्याच्या हाताशी पाहिजे, त्याची भाषा शिकविणारीस कळली पाहिजे, त्यास तीन-चार तासांहून अधिक वेळ कोंडून ठेवू नये, या गोष्टी प्रथम अशा अंगणांतूनच अनुभवाने सापडल्या. कागदावर त्या पुष्कळ उशिरा आल्या.

कागदाचा इतिहास मात्र थोडक्यात आटोपतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबईची धारावी होती आणि आपल्या विदर्भातील मेळघाटचे धारणी होते. पुढे अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून एकामागून एक आदेश दिले. १३ डिसेंबर २००६ च्या निर्णयात तर असे सांगितले की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत, त्या वस्तीने मागणी केल्यास तेथे अंगणवाडी दिलीच पाहिजे. २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला, आणि अंगणवाडीतील आहार ही दया न राहता मुलाचा हक्क झाला. त्याच वर्षी बालसंगोपन व बालशिक्षणाचे राष्ट्रीय धोरणही आले. आमची सारी पाहणी त्या धोरणातील मानकांवर आधारलेली आहे. ही मानके शासकीय अंगणवाडीस, खाजगी नर्सरीस आणि आपल्यासारख्या मंडळाच्या बालवाडीस सारखीच लागू पडावीत, असा त्या धोरणाचा हेतू आहे.

ती मानके काय म्हणतात ? तीस मुलांच्या गटास किमान ३५ चौरस मीटरची खोली असावी, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ३७७ चौरस फूट. शिवाय बाहेर खेळण्यास किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा असावी. तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक. मुलांवर नजर नाही असा एक क्षणही जाऊ नये. शिकविणे मातृभाषेत वा स्थानिक भाषेत व्हावे. पाणी पिण्यास योग्य, शौचकूप मुलांच्या मापाचे, स्वयंपाकाची जागा निराळी, इमारत मजबूत. याखेरीज अंगणवाडीच्या इमारतीसाठी २०११ साली केंद्र शासनाने किमान ६०० चौरस फुटांचे बांधकाम ठरविले असून त्यात बैठकीची खोली, स्वयंपाकघर, कोठी व शौचकूप यांचा समावेश होतो.

आता आपल्या भवनाकडे वळू. मंडळाचे दोन तरुण कार्यकर्ते व एक भगिनी सोबत घेऊन आम्ही टेप धरला. सभागृह ४० फूट लांब व २५ फूट रुंद भरले. एक हजार चौरस फूट. तीस-तीस मुलांचे दोन गट सुखाने बसतील इतकी जागा ! बाहेरचे पटांगणही ऐसपैस. सोबतच्या मंडळींचे चेहरे खुलले आणि काम आटोपले असे त्यांस वाटले. तेव्हा आम्ही सर्वांस फरशीवर मांडी घालून बसावयास सांगितले. चार वर्षांच्या मुलाची दृष्टी जेथे असते, तेथून एकदा सभागृह पाहा, म्हटले.

बसल्यावर निराळेच भवन दिसू लागले. ध्वनिक्षेपकासाठी भिंतीत जमिनीपासून दीड फुटावर बसविलेली विजेची खोबण उघडी होती. मुलाचे बोट नेमके तेथे जाते. मंडपाच्या दोऱ्या बांधावयाच्या लोखंडी कड्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर होत्या. व्यासपीठ तीन फूट उंच आणि त्यास कठडा नाही. हात धुण्याचे भांडे मोठ्या माणसाच्या छातीशी. शौचकूप मागील अंगण ओलांडून. तेथे जाणारे मूल सभागृहातून दिसत नाही. आणि त्या वाटेवरच आपली विहीर आहे. तिचे कथडे दोन फुटांचे असून वर जाळी नाही. भवन बांधतेवेळी ज्या वडीलधाऱ्यांनी स्वतः श्रमदान करून ती विहीर खोदली, त्यांचे पुण्य थोर आहे, यात शंका नाही. परंतु त्यांनी ती लग्नाच्या पंगतीसाठी खोदली, मुलांच्या खेळासाठी नव्हे. आपल्या भागात गावोगाव तलाव आहेत, बोड्या आहेत, बांधीत पाणी साचलेले आहे. पाण्याजवळ लहान मूल एकटे गेले म्हणजे काय होते, हे आपणांस आम्ही सांगावयास नको.

विहिरीस जाळी बसविता येईल, खोबण बुजविता येईल. अवघड प्रश्न निराळाच आहे. आपल्या भवनाचा खर्च लग्नाच्या भाड्यावर चालतो. लग्नसराईच्या दिवसांत आज येथे बालवाडी, उद्या पंगत, परवा पुन्हा बालवाडी, असे कसे चालावे ? पंगतीच्या दुसऱ्या दिवशी फरशीवर काय काय पडलेले असते ते पाहा : टाचण्या, खिळे, फुटक्या काचा, सुपारीच्या खांडोळ्या, आणि कोपऱ्यात गॅसच्या टाक्या व मोठाल्या कढया. त्या दिवसांत बालवाडी बंद ठेवावी तर वर्षातील कितीतरी दिवस जातात. लग्ने नाकारावीत तर भवनाचे वीजबिल कोण भरील? हा प्रश्न टेपने सुटत नाही. कार्यकारिणीत यावर दोन मते पडली आणि ती पडणे स्वाभाविक होते.

दुसऱ्या दिवशी तोच टेप घेऊन आम्ही गावच्या अंगणवाडीत गेलो. कार्यकारिणीने हे काम सांगितले नव्हते. परंतु आपण जी नवी वस्तू करू म्हणतो, ती जुनीहून खरोखर चांगली आहे काय, हे न पाहता कसे कळावे? सेविकाताईंस आधी निरोप पाठविला होता. काहींचे म्हणणे पडले की, तपासणी अवचित झाली पाहिजे. आमचे मत तसे नाही. शाळेत असताना आम्ही पुष्कळ तपासण्या पाहिल्या. साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी भिंत सारविली जाई, फळ्यावर नवा सुविचार येई. पण भिंत आदल्या दिवशी रुंद होत नाही आणि मुलांचे वजन एका रात्रीत वाढत नाही. ज्या गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या असतात, त्या निरोप दिल्याने लपत नाहीत. उलट निरोप न देता गेलेल्या माणसास झडतीदार समजले जाते आणि मग त्यास कोणी खरे सांगत नाही.

अंगणवाडीची खोली १८ फूट लांब, १६ फूट रुंद. २८८ चौरस फूट. पटावर मुले एकतीस, त्यांस सुमारे ३९० चौरस फूट पाहिजेत; म्हणजे खोली नापास. परंतु त्या दिवशी हजर मुले बावीस होती आणि बावीस मुलांस २७७ चौरस फूट पुरतात. म्हणजे खोली पास! नऊ मुलांच्या गैरहजेरीमुळे अंगणवाडी नियमात बसत होती. ही नऊ मुले कोणाची, असे आम्ही विचारले. सेविकाताई जरा घुटमळल्या. मग त्यांनी नावे वाचली. मंडळी, त्यांतील सात नावे याच सभागृहात बसलेल्या घरांतील होती. ती मुले सकाळी आठ वाजता पिवळ्या गाडीत कोंबून तालुक्याच्या गावी नर्सरीत जातात. नाव पटावर राहिले आहे, मूल गेले आहे.

येथे आमच्या सांगण्याचा गाभा आहे. आपण आपले मूल अंगणवाडीतून काढले म्हणजे केवळ एक मूल निघत नाही. त्याच्यामागे असलेली आपली नजरही निघते. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, सोसायटीचे संचालक, ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, त्यांचे नातवंड त्या खोलीत बसत असते, तर तिच्या कोपऱ्यात चूल पेटली असती काय ? ग्रामसभेत कोणी तरी उठून विचारले असते. आज तेथे बसतात ती बावीस मुले शेतमजुरांची आहेत. त्यांच्या आया ग्रामसभेस येत नाहीत; आल्या तरी मागे बसतात.

होय, चूल कोपऱ्यात होती. स्वयंपाकघराचे बांधकाम अर्धवट राहिल्याने मदतनीस बाई त्याच खोलीत गॅसवर खिचडी शिजवीत होत्या आणि चार हातांवर मुले गाणे म्हणत होती. स्वयंपाकाची जागा निराळी असावी, हे मानक वाचताना साधे वाटते. तामिळनाडूत कुंभकोणम् येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरास लागली आणि ९४ लहान मुले दगावली, हे एकदा ऐकल्यावर मग ते साधे वाटत नाही. योगायोग असा की, नऊ वर्षांनी त्याच तारखेस, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले प्राणास मुकली. भाजीच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले होते. तेव्हापासून चाखण्याच्या नियमावर अधिक भर आला. २०१५ च्या माध्यान्ह भोजनाच्या नियमांत, वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी अन्न चाखावे आणि त्यांत एक तरी शिक्षक असावा, असे स्पष्ट लिहिले आहे. आपण धानाचे शेतकरी आहोत. खोडकिडा, तुडतुडे यांसाठी लागणारे औषध आपल्या प्रत्येकाच्या पडवीत असते, आणि त्याचा रिकामा डबा फेकून देणे आपल्या जिवावर येते. ‘चांगला डबा आहे, धुऊन वापरू’, हे वाक्य आपल्या घराघरांतून उच्चारले जाते. म्हणून अंगणवाडीतील तेलाचा डबा कोणाकडून आला, हे आम्ही विचारले. तो बंद, शिक्क्याचा होता, समाधान वाटले.

धान्याची पोती मात्र त्याच खोलीत भिंतीशी रचलेली होती. पोती तेथे उंदीर आणि उंदीर तेथे साप, हा आपल्याकडील पावसाळ्याचा नियम कोणत्याही शासन निर्णयाहून जुना आहे. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर आणि मुलांच्या बैठकीपासून निराळी असली पाहिजेत.

आहाराची पाहणी कशी करावी, याविषयी थोडे अधिक बोलतो. कारण तेथे पुष्कळ तपासणारे फसतात. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलास दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळतील एवढा नाश्ता व गरम आहार ठरविला. २०२३ साली ते कोष्टक सुधारून त्यात जीवनसत्त्वे व क्षार यांचाही विचार केला गेला. यासाठी एका मुलामागे दिवसाला आठ रुपये हा दर २०१७ साली ठरला होता. तेवढ्यात काय काय बसवावे लागते, हे घर चालविणाऱ्या भगिनींनीच सांगावे. आता, शिजलेल्या पातेल्यात डोकावून प्रथिने दिसत नाहीत. वरण शिजल्यावर त्यात डाळ किती व पाणी किती, हे प्रत्यक्ष विधात्यासही सांगता येणार नाही. म्हणून डाळ शिजण्यापूर्वी, हजर मुले मोजून, तराजूवर पाहावी. हे काम कोणीही आई करू शकते आणि त्यासाठी मॅट्रिकचीही गरज नाही.

पाण्याचे तसेच. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन तिला हिरवे, पिवळे वा लाल कार्ड मिळते. आपल्या गावास कोणत्या रंगाचे मिळाले, हे आम्ही दहा कर्त्या पुरुषांस विचारले. एकासही ठाऊक नव्हते. ग्रामसेवकांकडे जाऊन पाहिले, तर पिवळे निघाले. अंगणवाडीत पाण्याचा माठ झाकलेला होता, परंतु ओगराळे नव्हते; मुले पेला बुडवून पाणी घेत होती. ही उणीव वीस-पंचवीस रुपयांची, आणि तिच्यापासून होणारे हगवणीचे दुखणे मात्र मुलाचे महिनाभराचे वजन उतरविणारे.

आणि या वजनाच्या बाबतीत अंगणवाडी आपल्या नियोजित बालवाडीहून शतपट पुढे आहे, हे आम्हांस मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. सेविकाताईंनी प्रत्येक मुलाचे वजन व उंची घेऊन ठेवली होती. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. त्यावरील रेषा कोठे चढली, कोठे आडवी झाली, हे त्यांनी न अडखळता दाखविले. एका मुलाची रेषा दोन महिने आडवी होती. त्याच्या घरी त्या दोनदा जाऊन आल्या होत्या आणि आरोग्य उपकेंद्रात त्यास दाखविलेही होते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला म्हणजे मूल तीव्र कुपोषित समजून ताबडतोब उपचारास पाठवावे लागते, हे त्यांस तोंडपाठ होते. लसीकरण, आरोग्य तपासणी, पूरक आहार, गर्भवती व स्तनदा मातांस सल्ला, हे सारे त्या एका खोलीतून चालते. आपल्या बालवाडीच्या आराखड्यात रंगीत खुर्च्या आहेत, गणवेश आहे, इंग्रजी गाणी आहेत, वजनकाटा नाही.

या सेविका मानधनावर काम करतात. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे मान्य होण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २५ एप्रिल २०२२ चा निकाल लागावा लागला. नोंदवह्या आहेत, २०२१ पासून भ्रमणध्वनीवरील पोषण ट्रॅकर आहे, आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत सारी कामे त्यांच्याच शिरावर येतात. तेव्हा तपासणी म्हणून जाऊन त्यांच्यावर आवाज चढविणे हे पुरुषार्थाचे लक्षण नव्हे. अपुऱ्या खोलीचा दोष खोलीत राबणाऱ्या बाईवर लादता येत नाही.

खाजगी नर्सरीविषयी आम्ही एवढेच म्हणू की, तेथे तर पाहणारे कोणीच नाही अशी स्थिती पुष्कळ वर्षे राहिली. मुलाची वा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश देऊ नये, एवढ्यापुरता कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने १९९६ साली केला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांत तीन वर्षांखालील मुलास प्रवेश नाही, वीस मुलांमागे एक शिक्षिका व एक सांभाळणारी बाई, असे म्हटले आहे. २०२५ साली राज्याच्या शिक्षण विभागाने खाजगी केंद्रांनी आपली माहिती शासनाकडे नोंदवावी, अशी सूचनाही दिली. परंतु गाडीत किती मुले कोंबली आहेत, हे सकाळी आठ वाजता दाराशी उभ्या असलेल्या बापास दिसत नाही काय ? जी नर्सरी आपण फी भरून निवडली, तिचे शौचकूप आपण कधी पाहिले आहे काय ? आम्ही त्या सात घरी विचारले. एकाही घरातून कोणी आत जाऊन पाहिलेले नव्हते. फाटकाशी मूल सोपवून ते परतत. त्या मुलांपैकी एक झाडीबोलीशिवाय दुसरे बोलत नाही. ते तेथे दिवसभर गप्प बसते, असे त्याच्या आजीने आम्हांस सांगितले. मातृभाषेचे मानक अशा मुलासाठी लिहिलेले आहे.

मग तपासणी कोणी करावी ? शासनाची व्यवस्था आहे : मुख्यसेविका आहेत, बालविकास प्रकल्प अधिकारी आहेत, गोंदियास जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग आहे. परंतु एका मुख्यसेविकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात रस्ते कसे असतात, हे आपण जाणता. त्यांची फेरी महिन्यातून एकदा झाली तरी पुष्कळ. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये या योजनांचे सामाजिक अंकेक्षण स्थानिक संस्थांनी करावे असे म्हटले आहे, आणि प्रत्येक अंगणवाडीस गावकऱ्यांची व मातांची सनियंत्रण समिती असावी, असा २०११ चा आदेश आहे. आपल्या गावची समिती कागदावर होती. तिच्या सभासदांपैकी एक गृहस्थ आपण सभासद आहो हे ऐकून चकित झाले !

या साऱ्याचा विचार करून आम्ही कार्यकारिणीस जे सुचविले, ते काहींस रुचणार नाही. समाजभवनात अंगणवाडीशी स्पर्धा करणारी निराळी बालवाडी काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकाच गावात बावीस मुलांची एक आणि नऊ मुलांची दुसरी अशी वाटणी करून कोणाचे कल्याण होणार ? आपल्या घरची मुले अंगणवाडीत परत बसवावीत. बालवाडीसाठी जमलेल्या निधीतून अर्धवट स्वयंपाकघर पुरे करण्यास ग्रामपंचायतीस हातभार लावावा, आणि खोली अपुरी पडू लागली की वाढीव खोलीची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने जिल्हा परिषदेकडे करावी. एकतीसही मुले हजर राहिली म्हणजे ती मागणी नाकारणे कोणासही जड जाईल. समितीवर आपल्या समाजातील दोन माता आणि शेतमजूर कुटुंबांतील दोन माता असाव्यात, आणि महिन्यातून एक दिवस डाळ त्यांच्यासमोर मोजली जावी.

मग भवन रिकामेच ठेवावे काय ? नाही. पाहणी करताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली, ती अशी. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात. भवनास कुलूप असते. आणि नेमक्या त्याच दिवसांत, आषाढ-श्रावणात, रोवणी चालते. बाया सकाळी सातला परे उपटण्यास जातात, त्या पाच वाजता गुडघाभर चिखलातून परततात. अंगणवाडी तीन-चार तासांत सुटते. पुढे दिवसभर दोन वर्षांचे मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीण शाळेत गैरहजर. आमच्या हजेरीपटावर दरवर्षी जुलैत मुलींच्या नावापुढे पडणारी अनुपस्थितीची रांग आम्ही छत्तीस वर्षे पाहिली आहे. कोसबाडच्या पाड्यांवर जे दिसले, ते आपल्या गावात आजही दिसते. तेव्हा रोवणीच्या दोन महिन्यांपुरते समाजभवनात पाळणाघर चालवावे, ते जातपात न पाहता गावच्या सर्व मुलांसाठी असावे. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची ‘पाळणा’ ही केंद्र शासनाची योजना आहेच. तिच्यातून साहाय्य मिळण्यासारखे आहे का, हे प्रकल्प अधिकाऱ्यांस विचारावे. परंतु तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक बाई, हे प्रमाण मोडून एकही मूल अधिक घेऊ नये. वीस मुले घ्यावयाची तर दोन बाया, त्यांचा पगार ठरलेला आणि वेळेवर. सेवाभावाच्या नावाखाली कोणाही गरीब भगिनीस फुकट राबविणे आम्हांस मान्य नाही.

त्यापूर्वी करावयाची कामे अहवालात आहेत : विजेच्या खोबणी सहा फुटांवर नेणे, कड्या काढणे, व्यासपीठास कठडा, मुलांच्या मापाचे दोन शौचकूप सभागृहाला लागून, गॅसच्या टाक्या कुलपात. सर्वांत आधी विहीर. तिच्या जाळीचे माप लोहाराने नेले आहे. तोंड नऊ फूट व्यासाचे भरले. जाळी दोन भागांत करून मध्ये कुलपाचे झाकण ठेवावे, म्हणजे बादली सोडता येईल, असे त्याचे म्हणणे आहे. त्यास आगाऊ रक्कम द्यावयाची असून ज्यांची इच्छा असेल त्यांनी संमेलन संपल्यावर कोषाध्यक्षांकडे आपले नाव द्यावे. जाळी आषाढी एकादशीच्या आत बसली पाहिजे.